जिरेनियम नेमके कोणते?

काही वर्षांपूर्वी बागकामाविषयीच्या एका छोट्या इंग्रजी पुस्तिकेचे मराठी भाषांतर माझ्या हातून झाले. मूळ पुस्तिका ब्रिटनमधील घरगुती बागांसाठी लिहिलेली होती आणि तिच्यात बहुवर्षायू, काटक जिरेनियमांवर एक प्रकरण होते. ही झाडे उघड्या वाफ्यात लावावीत, हिवाळ्यात त्यांची पाने वाळून गेली तरी काळजी करू नये, वसंत ऋतूत ती जमिनीतून पुन्हा फुटतात, अशा अर्थाची सूचना त्या प्रकरणात होती. मी ती सोप्या मराठीत आणली. ‘काटक’ हे विशेषण वारंवार येऊन वाक्ये जड होतात, असे वाटल्यामुळे दोन-तीन ठिकाणी ते गाळले आणि ‘जिरेनियम’ एवढेच नाव ठेवले. भाषांतर सुबोध झाले आहे, असे काही स्नेह्यांनी कळविलेही.

पुढच्या वर्षी कुमाऊँमधील एका डोंगराळ गावातून एका मराठी भाषिक शिक्षिकाबाईंचे पत्र आले. त्यांच्या शाळेतील मुलांनी लाल फुलांच्या जिरेनियमची छाटकलमे करून ती रिकाम्या डब्यांत वाढविली होती. आमची पुस्तिका वाचून, पावसाळा संपताच, त्यांनी ती सर्व रोपे शाळेपुढील वाफ्यात लावली. डिसेंबरमध्ये पहाटेचे दव गोठू लागले. दोन रात्रींत पाने काळी पडली, खोडे मऊ होऊन लोंबू लागली. मुले घाबरली नाहीत. कारण झाडे पुन्हा फुटतात असे पुस्तिकेत छापले होते. त्यांनी एप्रिल अखेरपर्यंत वाट पाहिली. एकही रोप फुटले नाही. बाईंच्या पत्रात तक्रारीचा सूर नव्हता. त्यांनी एवढेच विचारले होते : “विज्ञानाच्या पुस्तकात छापलेले खोटे कसे ठरले, हे मुलांना मी काय सांगू?”

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधीत असताना जे ध्यानात आले आणि त्यावरून माझे जे मत बनले, ते येथे मांडीत आहे. मत असे की, वनस्पतीचे नाव हा भाषांतराचा किरकोळ भाग नव्हे. नावाबरोबर त्या वनस्पतीची निगाही वाचकाच्या हाती जाते. नाव चुकले तर निगा चुकते, आणि निगा चुकली की झाड मरते.

प्रथम हा घोटाळा कसा झाला ते पाहू. लिनीयस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली आपल्या ‘स्पीशीज प्लँटारम’ ह्या ग्रंथात वनस्पतींची जी मांडणी केली, तिच्यात युरोपातील रानावनांत वाढणारी जिरेनियमे आणि दक्षिण आफ्रिकेतून आलेली त्यांची भाईबंद झाडे ह्या सर्वांना त्याने ‘जिरेनियम’ ह्या एकाच प्रजातीत बसविले. पुढे शार्ल लुई लेरितिये ह्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ही झाडे वेगवेगळी आहेत हे ओळखले, आणि १७८९ साली ‘पेलार्गोनियम’ ही निराळी प्रजाती शास्त्रीय व्यवहारात आली. परंतु तोपर्यंत आफ्रिकेतील ही देखणी झाडे युरोपातील काचगृहांत आणि खिडक्यांत जिरेनियम ह्याच नावाने स्थिरावली होती. शास्त्रज्ञांनी नाव बदलले. माळ्यांनी आणि रोपे विकणाऱ्यांनी बदलले नाही. आज दोनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी कुंडीतील त्या लाल फुलझाडाला जगभर जिरेनियमच म्हणतात. इंग्रजांच्या मागोमाग ते आपल्या देशात आले तेही ह्याच नावाने.

दोन्ही नावे ग्रीक आहेत आणि दोन्ही पक्ष्यांवरून पडलेली आहेत. ‘गेरानोस’ म्हणजे क्रौंच, आणि ‘पेलार्गोस’ म्हणजे करकोचा. ह्याच कुलातील तिसऱ्या प्रजातीचे, ‘इरोडियम’चे, नाव बगळ्यावरून आले आहे. ह्या तिन्ही प्रजातींच्या फळाला लांब चोच असते, म्हणून ही नावे. फळ पाहून हे एकाच कुळातले आहेत हे कळते. पण कोणते कोण, हे कळण्यास फूल पाहावे लागते.

शाळेतील कोणताही मुलगा ही पारख करू शकेल. खऱ्या जिरेनियमच्या फुलाच्या पाचही पाकळ्या आकाराने सारख्या असतात. फूल कोणत्याही बाजूने फिरविले तरी तसेच दिसते. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिघींहून आकाराने वा रंगाने वेगळ्या असतात. बागेतील काही संकरित वाणांत हा फरक पुसट होतो. तेव्हा दुसरी खूण पाहावी. पेलार्गोनियमच्या फुलामागे देठाला चिकटलेली एक बारीक मधुनलिका असते. देठ धारदार पात्याने आडवा कापला तर ती पोकळी दिसते. जिरेनियममध्ये ती नसते. तिसरी खूण पुंकेसरांची : जिरेनियममध्ये बहुधा दहाही पुंकेसरांवर परागकोश असतात, पेलार्गोनियममध्ये सात किंवा त्याहून कमी.

आता शाळेची रोपे का मेली ते पाहू. काटक जिरेनियमे बहुतांशी समशीतोष्ण प्रदेशातली आणि उंच पर्वतांवरची आहेत. थंडी येताच ती आपली पाने टाकून देतात. त्यांचे पुढील वर्षीचे डोळे जमिनीलगत अथवा जमिनीखालील जाड मूलक्षोडावर असतात आणि अन्नाचा साठाही तेथेच असतो. वर बर्फ पडले तरी मातीचे व बर्फाचे पांघरूण त्या डोळ्यांना राखते. पेलार्गोनियमची गोष्ट उलट आहे. त्याच्या अडीचशेहून अधिक जाती असून त्यांपैकी बहुतेक दक्षिण आफ्रिकेतल्या आहेत. बागेत लावल्या जाणाऱ्या वाणांची खोडे मांसल आणि पाण्याने भरलेली असतात, कारण कोरड्या ऋतूसाठी पाणी साठविण्याची त्यांची ती सोय आहे. डोळे ह्याच उघड्या खोडांवर असतात. तापमान गोठणबिंदूखाली गेले की पेशींमधल्या जागांत बर्फाचे स्फटिक बनतात, पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते आणि पेशींची आवरणे निकामी होतात. ऊन पडल्यावर बर्फ वितळते, पण पेशी सावरत नाहीत. झाड शिजल्यासारखे मऊ पडते. बाईंनी वर्णन केले होते ते नेमके हेच. ह्या झाडाला डिसेंबरपूर्वी घरात, उजेडाच्या खिडकीशी आणून पाणी कमी करावयास हवे होते. आमच्या पुस्तिकेने ते बाहेर ठेवावयास सांगितले.

नावाचा हा गोंधळ एवढ्यावरच थांबत नाही. बाजारात ‘जिरेनियम तेल’ म्हणून जे सुगंधी तेल मिळते, ते जिरेनियमचे नव्हे. ते सुवासिक पानांच्या पेलार्गोनियमचे आहे. निलगिरीच्या परिसरात त्याची लागवड बऱ्याच काळापासून आहे, आणि अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी तेलासाठी ती केली आहे. त्याहून नवलाची गोष्ट खानदेशातली. तेथल्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या रोशा गवताचे, म्हणजेच तिखाडीचे, तेल एके काळी मुंबई बंदरातून परदेशी जाई, आणि तिकडच्या व्यापारात त्याला ‘भारतीय जिरेनियम तेल’ किंवा ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणत. गुलाबासारख्या वासामुळे ते गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. म्हणजे एका नावाखाली एक रानफूल, एक कुंडीतले झुडूप आणि एक गवत अशा तीन वनस्पती नांदत होत्या. ज्याला तेलाच्या लागवडीविषयी माहिती हवी आहे, त्याच्या हाती हिमालयातील रानफुलाचे वर्णन पडले, तर त्याचा काय उपयोग?

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. लोक ज्याला जिरेनियम म्हणतात त्याला जिरेनियमच म्हणावे, लोकभाषा हीच खरी भाषा, पंडितांनी तिला शिकवू नये, असे कोणी म्हणेल. भाषेचा विद्यार्थी म्हणून मला ह्या म्हणण्याविषयी आदर आहे. शेजारणीने कुंडीकडे बोट दाखवून ‘जिरेनियम’ म्हटले तर तिला दुरुस्त करण्याचे काहीच कारण नाही. तेथे झाड समोर असते आणि बोट चुकत नाही. पण पुस्तकात झाड समोर नसते. तेथे नाव हेच बोट. ते दोन झाडांकडे एकाच वेळी दाखविले जात असेल, तर कोणते झाड अभिप्रेत आहे हे सांगणे लेखकाचे आणि भाषांतरकाराचे कर्तव्य ठरते. ब्रिटनमध्ये खऱ्या जिरेनियमला ‘क्रेन्सबिल’, म्हणजे क्रौंचाची चोच, हे देशी नाव आहे. त्यामुळे तेथील वाचकाला संदर्भाने उमजते. आमच्या वाचकाजवळ असे दुसरे नाव नाही.

मग मराठीत ‘क्रौंचचंचू’ असा नवा शब्द का घडवू नये? हा मोह मलाही झाला होता. शब्द कानाला गोड आहे आणि फळाचे चित्रही डोळ्यांपुढे उभे करतो. तरी मी तो सोडला. नवा शब्द घडविल्याने जुना गोंधळ जात नाही. वाचक कुंडीतल्या झाडालाही क्रौंचचंचू म्हणू लागेल, कारण चोच त्यालाही आहे. देशी नावेही सर्वकाळ निःसंदिग्ध असतात असे नाही. हिमालयातील एका जिरेनियमच्या मुळाला काश्मीरकडे ‘रतनजोत’ म्हणतात. परंतु लाल रंग देणाऱ्या अगदी वेगळ्या कुलातील मुळांनाही रतनजोत म्हणतात, आणि काही भागांत मोगली एरंडालाही तेच नाव आहे. औषधाच्या बाबतीत असा घोटाळा रोपे मरण्याहून गंभीर ठरू शकतो. म्हणून माझे मत साधे आहे : बोलण्यात कोणतेही नाव चालावे, छापील पानावर मात्र पहिल्या उल्लेखालाच प्रजातीचे व जातीचे शास्त्रीय नाव देवनागरीत द्यावे, आणि ‘जिरेनियम’ व ‘पेलार्गोनियम’ हे दोन शब्द कधीही एकमेकांच्या जागी वापरू नयेत. दोन्ही शब्द परकेच आहेत. मग त्यांतला अचूक तो घेण्यास अडचण कोणती?

आता ह्या विषयाची दुसरी बाजू. बाईंच्या पत्राच्या शेवटी एक वाक्य सहज आले होते : शाळेमागच्या ओढ्याकाठी पावसाळ्यात जांभळट गुलाबी रंगाची, मध्ये पांढरट, पाच पाकळ्यांची फुले येतात आणि तेथील झाडे बर्फातूनही दरवर्षी उगवतात. मी फुलाचे वर्णन व पानांचे चित्र मागविले. ते ‘जिरेनियम वॉलिकियानम’ निघाले. जे काटक जिरेनियम मी परदेशी पुस्तिकेतून भाषांतरित करून त्यांच्याकडे पाठविले होते, त्याचे सख्खे भावंड शाळेच्या मागेच उभे होते!

कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे एकेकाळचे अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिक ह्यांच्या नावावरून ह्या जातीचे नाव पडले. ती हिमालयात साधारणपणे दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, ओलसर उतारांवर आणि झुडपांच्या कडेने आढळते. उत्तराखंडातील प्रसिद्ध ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ राष्ट्रीय उद्यानात पावसाळ्यात ती दिसते. तिच्याबरोबरच निळसर फुलांचे ‘जिरेनियम हिमालयेन्स’ आणि युरोपपासून हिमालयापर्यंत पसरलेले ‘जिरेनियम प्राटेन्स’ हीही आपल्या पर्वतांतली. लहान फुलांचे ‘जिरेनियम नेपालेन्स’ तर निलगिरीसारख्या दक्षिणेकडील पर्वतांवरही आढळते.

ब्रिटनमधील बागाइतांनी ह्या हिमालयीन झाडांचे चीज केले. १९८९ साली सॉमरसेट परगण्यातील एका दांपत्याच्या बागेत हिमालयेन्स आणि वॉलिकियानम ह्यांचा आपोआप झालेला संकर आढळला. घरच्या बाईंच्या नावावरून त्याला ‘रोझॅन’ असे नाव देण्यात आले आणि २००० साली तो विक्रीस आला. उन्हाळ्याच्या आरंभापासून थंडी पडेपर्यंत तो फुलत राहतो. २०१३ साली लंडनमधील चेल्सी पुष्पप्रदर्शनाची शंभरी साजरी झाली, तेव्हा शतकातील वनस्पती म्हणून लोकांनी रोझॅनचीच निवड केली. त्याचे आईबाप दोघेही हिमालयातले. आमच्या डोंगराळ गावांतील शाळा मात्र आफ्रिकेच्या झाडाला बर्फातून जगविण्याची धडपड करतात आणि ओढ्याकाठच्या ह्या झाडाकडे त्यांचे लक्ष जात नाही. परदेशी फूल लावू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही; फुलांना राष्ट्रीयत्वाची अट घालणे हास्यास्पद होईल. जेथे जे सहज जगते ते तेथे आधी लावावे, एवढेच म्हणणे आहे.

ते कसे लावावे, हेही सांगितले पाहिजे. रानातली झाडे खणून आणू नयेत. त्याने उतार उजाड होतो, आणि वॉलिकियानमला जाड सोटमूळ असल्याने उपटलेले झाड बहुधा नीट रुजत नाही. संरक्षित वनातून तर बीदेखील परवानगीवाचून घेऊ नये. शाळेच्या वा गावाच्या जागेतील थोड्या झाडांचे बी पावसाळा सरताना जमवावे. फळ तपकिरी होऊ लागताच त्यावर कागदाची अथवा विरळ कापडाची लहान पिशवी बांधावी. कारण पिकल्यावर ते बी दूर फेकून देते. हे बी त्याच शरद ऋतूत, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत, कुजलेला पालापाचोळा मिसळून, पातळ थरात पेरावे आणि कुंडी बाहेरच ठेवावी. कठीण कवचाच्या ह्या बियांना हिवाळ्यातील ओल आणि थंडी मानवते. वसंतात आलेली रोपे सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर अंतरावर, दुपारी थोडी सावली येईल अशा जागी लावावीत. पहिल्या वर्षी फुले येतीलच असे नाही, धीर धरावा. हिमालयेन्सचे भूमिगत खोड पसरते, म्हणून तीन-चार वर्षांनी त्याचे ठोंब फोडून वेगळे लावता येतात. प्राटेन्स आणि हिमालयेन्स ह्यांचा पहिला बहर संपला की पाने जमिनीलगत कापून पाणी द्यावे. काही आठवड्यांत नवी, स्वच्छ पाने येतात आणि पुष्कळदा थोडी फुलेही. हिवाळ्यात वाफा रिकामा दिसेल. तो खणू नये. जागेवर खुंटी ठोकून ठेवावी.

सखल, उष्ण प्रदेशातील वाचकांना मात्र स्पष्ट सांगावयास हवे की, ही झाडे त्यांच्यासाठी नव्हेत. पुणे, नागपूर किंवा मुंबईच्या हवेत हिमालयीन जिरेनियम जगविण्याचा खटाटोप म्हणजे कुमाऊँच्या बर्फात पेलार्गोनियम ठेवण्याचीच चूक उलट दिशेने करणे होय. तेथे हिवाळ्यात कुंडीत पेलार्गोनियम लावावे, पाणी बेताने द्यावे आणि त्याचे नाव बरोबर लिहावे.

ज्या शाळांना ते लावता येईल, त्यांना ह्या एका झाडातून पुष्कळ विज्ञान शिकता येईल. फळ पिकले की मधल्या स्तंभाभोवतीचे पाच फलांश वाळू लागतात. त्यांच्या लांब पट्ट्यांत ताण साठतो आणि एका क्षणी पट्टी खालून सुटून वर वळते व गोफणीसारखे बी भिरकावते. हे पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. स्पांडाऊ येथील क्रिस्टियान कोनराड स्प्रेंगेल हाही शाळामास्तरच होता. १७८७ साली युरोपातील रानटी जिरेनियमच्या, ‘जिरेनियम सिल्व्हॅटिकम’च्या, पाकळ्यांच्या तळाशी त्याला बारीक केस दिसले. ते कशासाठी असावेत, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. मधुरस पावसाच्या थेंबांपासून राखण्यासाठी, असे त्याला वाटले. मग हा मधुरस कोणासाठी राखला जातो, हा पुढचा प्रश्न आला. त्या प्रश्नांतून फुले आणि कीटक ह्यांच्या संबंधांवरील त्याचा ग्रंथ १७९३ साली सिद्ध झाला. समकालीनांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. डार्विनने मात्र पुढे त्याचे मोल ओळखले. पाकळीवरचे केस पाहण्यास जी नजर लागते, तीच नजर जिरेनियम आणि पेलार्गोनियम वेगळे ओळखण्यास लागते.

बाईंना मी जे उत्तर लिहिले त्याचा सारांश असा : पुस्तिकेत लिहिलेले खोटे नव्हते; ते दुसऱ्या झाडाविषयी खरे होते. दोन झाडांना एकच नाव ठेवण्याची चूक माझी, आणि मुलांना ती माझ्या नावासकट सांगावी. छापले म्हणजे खरे, असे मुलांनी मानू नये. छापलेले तपासून पाहावे. त्यांची मेलेली रोपे हीच ती तपासणी होती आणि तिच्यामुळे एक पुस्तक सुधारले. पुढील आवृत्तीत ते प्रकरण मी दुरुस्त केले आहे.

त्या शरद ऋतूत मुलांनी ओढ्याकाठचे बी जमवून पेरले. मे महिन्यात बाईंचे कार्ड आले. पेरलेल्यांपैकी अकरा बिया उगवल्या होत्या. प्रत्येक रोपाशेजारी मुलांनी लाकडी पाटी रोवली होती, आणि तिच्यावर दोन शब्दांचे पूर्ण नाव लिहिले होते.